प्रत्ययाआधीची रिकामी जागा

डोंबिवली
मंगळवार, ता. ३ ऑगस्ट १९५४

चि. ———— यास,

आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरलो असं समजू नये.

पत्र लिहिण्यास कारण एवढंच, की व्याकरणाची एक अडचण आली आहे. इथे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना म्हातारपणी तुर्की भाषा शिकायचं खूळ लागलंय. वय एकसष्ट, डोळे बरे, दात चार कमी, स्वभाव वाईट. तू तिकडे इस्तंबूलला गोदीत आगबोटींची इंजिनं दुरुस्त करतोस, तिथलीच मुलगी केलीस, तेव्हा घरात तीच भाषा बोलत असशील. म्हणून तुला विचारून पाहावं असं त्यांचं म्हणणं पडलं. मी आपला लेखनिक.

अडचण अशी. आपल्याला द्वितीया विभक्ती आहे तशी त्यांनाही आहे. कर्माच्या शेपटाला इ, उ असं काहीतरी चिकटतं. पण ते कधी चिकटतं आणि कधी नाही! 'मी पुस्तक वाचलं' हे एका ठिकाणी 'किताप ओकुदुम' असं दिलंय, आणि चार पानांनंतर 'किताबि ओकुदुम'. पुस्तक तेच, वाचणारा तोच. मग हा 'इ' एकदा हजर आणि एकदा गैरहजर, याला काही ताळतंत्र? रद्दीवाल्याकडे कुणा साहेबानं पलटणीतल्या गोऱ्यांसाठी लिहिलेलं एक व्याकरण मिळालं, पण त्यातली निम्मी उदाहरणं जुन्या अरबी वळणाच्या लिपीत आहेत. आंधळ्यापुढे आरसा.

मराठीत कुणी विचारलं असतं तर मी ताडकन सांगितलं असतं. कर्म सजीव असेल तर 'ला', निर्जीव असेल तर काही नाही. मी दगड पाहिला. मी बैलाला पाहिलं. संपला विषय. छत्तीस वर्षं कल्याणच्या शाळेत हेच शिकवलं, आणि ज्याला येईना त्याला बाकावर उभा केला. पोरं माघारी मला जमदग्नी म्हणायची, हे मला ठाऊक होतं. तूही त्याच वर्गात होतास. तू म्हणायचास की नाही ते मी कधी विचारलं नाही.

तुझी आई खुशाल आहे. माझ्याशी बोलत नाही. चुलीशी बोलते. 'चहा झालाय, कुणाला घ्यायचा असेल तर घ्यावा,' असं चुलीला सांगते, आणि मीही चुलीलाच 'साखर कमी पडली' म्हणून कळवतो. तीन वर्षं होत आली. आमच्या घरात कुणाला कुणाचं काय दुखतंय ते चुलीला विचारावं.

जुलैत तिच्या नावानं एक निळं पाकीट आलं. ती वाचायला इंग्रजी शिकलेली नाही, आणि ते इंग्रजीही नाही. हळदीच्या डब्यामागे ठेवलंय. मी ते पाहिलेलं नाही. त्यावर तुर्कस्तानचं तिकीट आहे, मागे बायकी अक्षरात पत्ता आहे, आत दोन पानं आहेत, आणि पहिल्या ओळीतला तिसरा शब्द लागत नाही. पण मी ते पाहिलेलं नाही.

त्या शिक्षकांना उत्तर लवकर हवंय. फार बेचैन असतात. संध्याकाळी स्टेशनपर्यंत जातात आणि कुणाला आणायचं नसताना उभं राहून परत येतात. कळावे.

— लेखनिक


डोंबिवली
रविवार, ता. ५ सप्टेंबर १९५४

चि. ———— यास,

महिना झाला. उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

ते निवृत्त शिक्षक म्हणजे मीच. तू एव्हाना ओळखलं असशील. तू मठ्ठ कधीच नव्हतास, फक्त उद्धट होतास.

मला शिकवणारा भेटला आहे. माझा जुना विद्यार्थी सहदेव, ठाण्याला कचेरीत कारकून आहे, त्यानं सांगितलं की माजिवड्याला धाकू नावाचा एक म्हातारा लेकीकडे राहतो, त्याला तुर्की येतं. मला वाटलं, थट्टा करतोय गाढव. पण खरं निघालं. धाकू महाडकडचा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेला, कूतच्या वेढ्यात सापडला, आणि पुढे अडीच वर्षं तुर्कांच्या कैदेत रेल्वेचे रूळ टाकत होता. आता लेकीच्या परसात वांगी लावतो. वांग्यांना पाणी घालताना शिव्या देतो त्या तुर्की.

मी दर रविवारी जातो. ठाणे स्टेशनपासून टांगा मिळाला तर टांगा, नाहीतर पायी. आमची शिकवणी पाहून कुणी हसेल. त्याला अक्षर येत नाही, मला अर्थ येत नाही. मी कागदावरची रोमन अक्षरं लावून मोठ्यानं वाचतो, तो डोळे मिटून ऐकतो. पहिल्या दिवशी तास झाला तरी तो नुसता मान हलवत बसला. शेवटी म्हणाला, "मास्तर, ह्ये तुर्की न्हाय. ह्ये तुमचं काय तरी हाय." मग शोध लागला की रोमन 'सी' या अक्षराला मी 'क' म्हणत होतो तिथे ते लोक 'ज' म्हणतात. मी सुधारून वाचलं तसा त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, "हां! आता बोलाय लागली बाई." मी कसला मजकूर वाचत होतो ते विचारू नये.

तर द्वितीयेचा प्रश्न मी त्याच्यापुढे टाकला. विभक्ती म्हटल्यावर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच काहीतरी अचकट बोललो. मग मी उदाहरण दिलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, "सोप्पं हाय की वो. भाकरीला त्ये 'एकमेक' म्हनतात. सकाळी रांगेत उभं ऱ्हायचं नि म्हनायचं, 'एकमेक वेर.' भाकर द्या बाबा, कुटली का आसंना. गावली तर गावली. पन येक दिस पहारेकऱ्यानं माज्या हातातली भाकर हिसकली. तवा मी त्येला म्हनलो, 'एकमेई वेर!' म्हंजी ती दे. माजी ती. त्यानं कानफटात दिली. पन भाकरबी दिली, मास्तर."

मी विचारलं, "म्हणजे ओळखीच्या वस्तूला प्रत्यय लागतो?"

"वळखीच्या न्हाय नुसतं. जिच्यासाटी मानूस कानफटात खाईल, तिला लागतो."

हा नियम त्या साहेबाच्या पुस्तकात या शब्दांत नाही, पण अर्थ तोच आहे. कोणतंही एक असेल तर शब्द उघडा. आपल्याला ठाऊक असलेलं, ते अमुकच, असेल तर प्रत्यय. सजीव-निर्जीव असला काही भेद नाही. आणि पुस्तकात असंही आहे, की विशेषनाम कर्म असेल तर प्रत्यय लागतोच लागतो. नाव घेतलं की सुटका नाही.

घरी आल्यावर मी हे उत्साहाच्या भरात चुलीला सांगितलं. म्हटलं, मराठीत बघा असं काही नाही, आपल्याकडे जीव आहे की नाही एवढंच बघतात. तुझी आई कोथिंबीर निवडत होती. ती चुलीला म्हणाली, "नाही कसं? लोक मुलगी बघायला जातात, ती कुणाचीही. आणि मुलीला बघायला जातात, ती आपली. एवढं तर तुलासुद्धा कळतं, नाही का गं?"

छत्तीस वर्षं, अरे! छत्तीस वर्षं मी फळ्यावर सजीव आणि निर्जीव असे दोन रकाने आखत होतो.  

धाकूकडे पहिल्या दिवशी मी पाणीही घेतलं नाही. आज त्याच्या लेकीनं चहा दिला. गूळ घातला होता. प्यालो. कळावे.


डोंबिवली
मंगळवार, ता. २६ ऑक्टोबर १९५४

चि. ———— यास,

दिवाळी आहे. शेजारी गोदूबाईंकडे पहाटेपासून फटाके चाललेत. आमच्याकडे चार माणसांना दाखवण्यापुरता कंदील आहे. तेल-उटणं नाही. तुझी आई तीन दिवाळ्या मला तेल लावत नाही आणि स्वतःही लावून घेत नाही. मी थंड पाण्याचे दोन तांबे ओतून घेतो आणि दिवाळी झाली म्हणतो.

त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललेलो नाही. आज लिहितो, कारण आज बसवत नाहीये. सकाळपासून चार वेळा उठलो, दोन वेळा गावदेवीपर्यंत जाऊन आलो, चष्मा पुसून पुसून काच गेली.

ऑक्टोबर एक्कावन्न. तुझं पत्र आलं, लग्न केलं म्हणून. मी त्या महिन्यात कल्याणला तुझ्यासाठी तीन मुली पाहिल्या होत्या. चौथ्यांना रविवारी येतो म्हणून शब्द दिला होता. पत्रात तू लिहिलं होतंस की मुलगी मुसलमान आहे आणि चांगली आहे. मी पहिलाच शब्द वाचला. देशात नुकतं जे काही झालं होतं ते सगळं माझ्या डोक्यात पेटलेलं होतं. ते मी त्या पोरीच्या माथी मारलं. तिनं बिचारीनं कराचीही पाहिली नव्हती आणि कल्याणही.

मी मागच्या विहिरीवर गेलो. भर दुपारी, सगळी बिऱ्हाडं बघत असताना, नेसत्या धोतरानिशी अंगावर तीन घागरी ओतल्या आणि मोठ्यानं म्हणालो, मी त्याच्या नावानं आंघोळ केली. गोदूबाई हातातलं सूप टाकून आत पळाल्या. आणि मी म्हटलं, या घरात पुन्हा त्याचं नाव निघायचं नाही. तुझ्या आईला हाक मारली, तूही ये म्हणून. ती दारात बसली होती. उठली नाही. म्हणाली, "मी जन्म दिलाय. माझ्याच्यानं व्हायचं नाही." मला उद्देशून बोललेलं ते शेवटचं वाक्य.

आणखी दोन गोष्टी आहेत. एक तुला ठाऊक आहे. मी तुला कळवलं ते कार्डावर कळवलं. पाकिटात घालता आलं असतं. मुद्दाम कार्ड घेतलं, म्हणजे पोस्टमनपासून तुझ्या गोदीतल्या शिपायापर्यंत ज्याला वाचता येईल त्यानं वाचावं.

दुसरी तुला ठाऊक नाही. तुझं नाव मी रेशनकार्डावरून कमी करून घेतलं. कारकुनानं विचारलं, "स्थलांतर की मयत?" स्थलांतर म्हणता आलं असतं. खरंही होतं. मी म्हणालो, मयत. त्यानं दाखला मागितला नाही. मास्तर खोटं कशाला बोलतील!

आता ते पाकीट. मी ते वहीत उतरवून घेऊन धाकूकडे नेत होतो. तुझी आई देवळात गेली की हळदीच्या डब्यामागून काढायचं, दोन ओळी उतरवायच्या, परत ठेवायचं. मला वाटायचं मी फार हुशार. मग लक्षात आलं की गणपती झाल्यापासून ते डब्यामागे नसतंच. रोज माझ्या चष्म्याच्या घराखाली असतं.

गेल्या रविवारी पत्र पुरं झालं. धाकूनं एकेक वाक्य ऐकून सांगितलं ते मी मराठीत लिहून घेतलं. तुझ्या बायकोचं पत्र आहे. तुला न सांगता लिहिलंय, तेव्हा तिला रागावू नकोस. असं आहे:

"आई, मला तुमची भाषा येत नाही. पण तुमचा देश मोठा आहे, हे वाचणारं कुणीतरी तिथे असेलच. मी नेर्मिन. आम्हाला मुलगी झाली, दीड वर्षाची आहे, तिचा हट्ट फार आहे. तुमच्या मुलाजवळ एक कार्ड आहे. घडीवर फाटलं तेव्हा त्यानं मागून कागद चिकटवला. मी विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, माझ्या मरणाची बातमी. आता मुंबईच्या एका गोदीत त्याला जागा मिळते आहे. एकतीस डिसेंबरच्या आत होकार द्यायचा आहे. तो देत नाही. म्हणतो, मेलेली माणसं परत गेली की लोक घाबरतात. हे तो हसून म्हणतो, आणि मला ते हसणं आवडत नाही. तुमच्या मुलाला बोलवा. त्याच्या वडिलांनी बोलावलं तर तो येईल. दुसऱ्या कुणी बोलावून येणार नाही."

'ओलुनुझु चाऽरिन.' तुमच्या मुलाला बोलवा. यात द्वितीया आहे, बरोबर जागेवर आहे. मी ते वाक्य वाचलं आणि मला पुढचं वाचता येईना. धाकूनं विचारलं, "मास्तर, ह्यो पोरगा कुनाचा?"

मी म्हणालो, ओळखीच्या एका गृहस्थांचा.

त्यानं वाकून वांग्याच्या वाफ्यातलं तण उपटून टाकलं. मग म्हणाला, "त्या गिरस्ताला सांगा. मी कैदेत असताना माज्या घरच्यांनी माजं दिवस घातलं हुतं. तेंना सरकारचा कागद आला हुता, तेंचा दोस न्हाय. मी परत आलो तवा बाप मला बगून मागं सरला. भूत म्हून. मग भटानं सांगितलं, ह्यो मेला हुता, आता ह्येला परत जल्माला घाला. पंचवीस वर्साच्या घोड्याचं बारसं केलं, मास्तर! मांडीवर घेऊन आईनं कानात नाव सांगितलं. सगळं गाव हसत हुतं. मी रडत हुतो."

मी तिथून निघालो तो नुसता चालतच राहिलो, ठाणे स्टेशनचा रस्ताही चुकलो. मेलेल्याला परत जन्माला घालण्याचा विधी आहे. शास्त्रात आहे! मला ठाऊक असायला हवं होतं. उद्याच पोथ्या काढतो.


डोंबिवली
रविवार, ता. २८ नोव्हेंबर १९५४

चि. ———— यास,

तुझं उत्तर नाही. असो. मलाच सांगायचं आहे.

विधी सापडला. मेला असं समजून ज्याची क्रिया केली तो परत आला, तर त्याला तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, नामकरण करायचं, मुंज करायची, आणि मग त्यानं आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. आपल्याच बायकोशी! हे वाचून मी एकटाच टाळी वाजवली. म्हणजे बघ, तू येणार, आम्ही तुला जन्माला घालणार, बारसं करणार, आणि मग नेर्मिनशी तुझं लग्न लावणार, ते शास्त्राच्याच आज्ञेनं. कुणाची हिंमत आहे बोलायची? मी कागदावर सगळी यादी केली. तूप किती लागेल ते लिहिलं. पाळणा कुणाकडून आणायचा तेही लिहिलं. चार रात्री मला धड झोप नव्हती, पण अगदी बरं वाटत होतं.

आज यादी घेऊन कल्याणला रघुभटजींकडे गेलो. माझ्याच वयाचे, जरा कमी ऐकू येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, दहन केलंत? पुतळा करून?"

"नाही."

"पिंड? दहावं? तेरावं?"

"नाही. आंघोळ केली."

"आणि?"

"आणि काही नाही. आंघोळ."

रघुभटजी हसायला लागले. मला संताप आला, मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "बसा हो जमदग्नी! अहो, तुमचा मुलगा शास्त्राच्या दृष्टीनं मेलेलाच नाही. तुम्ही विहिरीवर गेलात, अंग ओलं केलंत, पंच्यानं पुसलंत. झालं. त्याला उलटा विधी कसला सांगू? न बांधलेली गाठ मी सोडू कशी?"

मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी सांगा. होम सांगा, उपास सांगा. मी काशीला जाऊन येतो."

"काशीला कशाला? तुम्हाला विधी हवाय तो तोंड लपवायला. मुलाला हाक मारा की!"

यादी मी स्टेशनवर फाडून टाकली. मला फार राग आलाय. रघुभटजींचा नाही. मला वाटत होतं, मी काहीतरी मोठं, भयंकर कृत्य केलंय आणि त्याला तितकंच मोठं प्रायश्चित्त असेल. आणि निघालं काय, तर एका तापट माणसाची भर दुपारची आंघोळ. एवढ्यावर मी तुला तीन वर्षं मारून ठेवला. एवढ्यावर तुझी आई चुलीशी बोलते आहे.

घरी आलो. तुझी आई वाटण वाटत होती. मी मागे उभा राहिलो. तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. भर वर्गात शंभर वेळा हजेरीत घेतलेलं नाव!  मी "पाणी" म्हणालो. तिनं चुलीला सांगितलं, "कुणाला तरी पाणी हवंय."

बघ, या पत्रावरही वर 'यास' लिहिलंय आणि त्याच्या आधी रेघ. नुसता प्रत्यय. मुलांच्या वहीत असं दिसलं असतं तर मी लाल शाईनं पान भरून टाकलं असतं.

तेहतीस दिवस उरले.


डोंबिवली
रविवार, ता. १२ डिसेंबर १९५४

चि. परशुराम यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ये.

आधी ते लिहिलं. आता बाकीचं.

आज सकाळी धाकूकडे गेलो आणि त्याला सांगितलं, तो गृहस्थ मी. तो म्हणाला, "त्ये मला पयल्याच दिशी कळलं. परक्याच्या पोरासाटी कुनी माजिवड्यापोत्तर चालत येतं व्हय!" मग त्यानं मला हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "जावा. हितं नका बसू. तिकडं बोंबला."

मी तडक घरी आलो. चप्पल न काढता मागच्या विहिरीवर गेलो, जिथे उभा राहून घागरी ओतल्या होत्या तिथेच. भर दुपार होती. गोदूबाई पापड वाळत घालत होत्या. आणि मी हाक मारली. तू लहानपणी जेवायच्या वेळी टेकडीवर उनाडायला जायचास तेव्हा मारायचो तशी. "परशुराऽऽम! अरे परशुराऽऽम!" पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा बरा लागला. तिसऱ्यांदा मारली तेव्हा सगळी बिऱ्हाडं बाहेर आली होती. गोदूबाई म्हणाल्या, "अगंबाई, आला की काय!" मी थांबलोच नाही. सात-आठ वेळा तरी मारली असेल. मला रडू येत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

तुझी आई दारात आली. हात पिठाचे. माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे, आणि म्हणाली, "ओरडताय काय असे? तिकडे ऐकू जाणार आहे का? आत या आणि पत्र लिहा."

म्हणून हे लिहितो आहे. ती समोर बसली आहे. चूल विझली आहे, कुणाचं तिकडे लक्ष नाही.

मी चुकलो, परशुराम. कार्ड लिहिलं ती चूक, मयत म्हणालो ती त्याहून मोठी. रेशन आता उठलं, पण मी त्या कचेरीत जाऊन ती नोंद खोडायला लावणार आहे. नाही ऐकलं तर तिथेच बसेन. नोकरीला होकार कळव. आजच कळव. बायकोला आणि मुलीला घेऊन ये. तुझी आई सांगते, आम्हाला सून बघायची नाही, सुनेला बघायचंय. समजलास?

नेर्मिनला पुढचं वाक्य वाचून दाखव. धाकूनं घोटून घेतलंय, उच्चार चुकले तर तू सुधार: 'नेर्मिन, कझम, ओलुमुझु चाऽरियोरुम.' मुली, मी आपल्या मुलाला बोलावतो आहे.

बारसं करायचं नाही, भटजींनी नाही सांगितलंय. तरी पाळण्याचं मी गोदूबाईंना सांगून ठेवलंय. नातीला लागेल. दीड वर्षाची म्हणजे मावेल, असं तुझी आई म्हणते. मावेल ना?

तुझा,
बाबा

ता. क. — खाली तुझी आई लिहिते आहे. मला बघू देत नाही.

चि. परशुरामास आईचे आशीर्वाद. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, लावून घे. तुझे बाबा दर पत्रात उत्तर नाही उत्तर नाही लिहितात. उत्तर येईल कुठून? आधीची चारही पत्रं ट्रंकेत पंच्याच्या घडीखाली होती. पोस्टात टाकायला स्टेशनपर्यंत जायचे आणि तशीच परत घेऊन यायचे. मला सगळं ठाऊक होतं. मी लिहिलं असतं तर तू आला नसतास, तुझाही हट्ट तोच. ज्यानं मारलं त्यानंच हाक मारायला हवी होती, म्हणून मी गप्प राहिले. फार जड गेलं रे.

आता सगळी पत्रं एकाच पाकिटात घालून मी स्वतः पोस्टात देते आहे. यांच्या हातात देत नाही. तू उत्तर लिहीत बसू नकोस. निघ. कुठल्या बोटीनं येतोस तेवढं तारेनं कळव, म्हणजे त्या दिवशी मी आंघोळीचं पाणी तापवून ठेवीन. सगळ्यांचंच तापवीन.